शेरा कोणी कोणाला द्यायचा?

ई-बे या अमेरिकी लिलाव-संकेतस्थळाने २००८ साली आपला एक नियम बदलला. तोवर सौदा पुरा झाला की गिऱ्हाईक विक्रेत्याला शेरा देई आणि विक्रेता गिऱ्हाइकाला. आता विक्रेत्याने गिऱ्हाइकाला वाईट शेरा द्यायचा नाही, असे ठरले. विक्रेते खवळले. बोली लावून पैसे न देणाऱ्याबद्दल आम्ही तोंड मिटून बसायचे, हा कुठला न्याय? दोघांना सारखा हक्क म्हणजे न्याय, असे धरले तर त्यांचे म्हणणे बिनतोड आहे.

पण सारख्या हक्काचे फळ काय होते तेही पाहावे. विक्रेता आधी शेरा देतच नसे. गिऱ्हाईक काय लिहिते याची वाट पाहत बसे. त्याने वाईट लिहिले की याचाही वाईट शेरा तयार. त्यामुळे फसलेले गिऱ्हाईकही गप्प बसे. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या अभ्यासकांनी १९९९ मधले तिथले सौदे तपासले, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक गिऱ्हाइकांनी शेरे दिलेले आढळले आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून जास्त चांगले होते. इतका सज्जन बाजार पृथ्वीवर कुठे असेल असे वाटत नाही. बदल्याची भीती गिऱ्हाइकाला होती, म्हणून कंपनीने विक्रेत्याचे हत्यार काढून घेतले. मला तो निर्णय त्या जागी योग्य वाटतो. फक्त तो सगळीकडे तसाच लावता येत नाही, कारण कोण कोणाला भितो हे बाजारागणिक बदलते.

निपाणीत हे वेगळे सांगायला नको. इथला बिडी-तंबाखू वर्षानुवर्षे व्यापाऱ्यांच्या वखारीत गेला. प्रत व्यापारी ठरवणार, दर तोच ठरवणार, सूट तोच कापणार आणि पैसे त्याच्या सवडीने येणार. म्हणजे शेरा एकाच बाजूने, तोही थेट पैशांत. शेतकऱ्याला व्यापाऱ्याची सगळी चाल ठाऊक असे, पण पुढच्या वर्षी माल त्याच दारात न्यायचा होता. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? हे मौन मोडायला मार्च १९८१ उजाडावा लागला. शेतकरी नेते शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. एकट्यादुकट्याला जे बोलता येत नव्हते ते सगळ्यांनी मिळून बोलण्याची ही किंमत होती. तरीही उघडा लिलाव काही इथे आला नाही. सरकारी तंबाखू मंडळाचे लिलाव व्हर्जिनिया तंबाखूसाठी आहेत. बिडी-तंबाखू त्यांच्याबाहेरच राहिला.

जिथे लिलाव होते तिथेही ते उघड असतच असे नाही. जुन्या हात्ता पद्धतीत अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि बोटे दाबून भाव करत. मालाच्या मालकाला दिसे तो हलणारा रुमाल. कर्नाटकात २०१४ साली राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस ही कंपनी निघाली, बाजार समित्यांत ऑनलाइन बोली आली. २०१६ मध्ये केंद्राची ई-नाम आली. रुमाल गेला, हे मोठेच काम झाले. तरी या व्यवस्थेचा सगळा भर मालाची प्रत तपासण्यावर आहे. ढिगाला लॉट नंबर मिळतो, ओलावा मोजला जातो. बोली लावून नंतर काटामारी करणाऱ्याची, पैसे लटकवणाऱ्याची प्रत कोण काढतो?

उलट टोकाला अथणी-निपाणीकडचा चपलेचा कारागीर. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, त्यामुळे माल मानाने विकता येतो. पण कच्ची वहाण पहिले काही दिवस चावते, तिला तेल पाजावे लागते, हे दूर शहरातल्या गिऱ्हाइकाला माहीत नसते. तो विक्रीच्या संकेतस्थळावर एक तारा देऊन मोकळा होतो. इथे विक्रेता दुबळा आहे, आणि त्याच्या हातात उत्तर द्यायलाही फारसे काही नाही. ई-बेचा नियम इथे लावणे म्हणजे आधीच गप्प असलेल्याला पुन्हा गप्प करणे.

मग शेतमालाच्या लिलावात शेतकऱ्याने व्यापाऱ्याला तारे द्यावेत का? मला त्यात फारसा दम वाटत नाही. एखाद्या मालाचे चारच खरेदीदार असले तर कोणी काय लिहिले हे संध्याकाळपर्यंत कळते. शेरा झाकून ठेवला तरी. शिवाय रागाने किंवा भाऊबंदकीतून दिलेला शेरा निस्तरायचा कोणी? मत मागण्यापेक्षा नोंद ठेवावी. बोलीनंतर किती दिवसांनी पैसे जमा झाले, किती सौदे मोडले, वजनात किती कपात झाली, हे यंत्रणेला आपसूक कळू शकते. ते खरेदीदाराच्या नावापुढे दिसू द्या. कोणा शेतकऱ्याला तोंड उघडावे लागणार नाही.

याने सगळे सुटेल असे नाही. शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीवर हमाली, तोलाई यांच्या खाली उचलीचा आकडा वजा झालेला असतो. ज्याने पेरणीला अडत्याकडून पैसे उचलले त्याला माल त्याच्याच दुकानात उतरवावा लागतो. तिथे येणारा खरेदीदार किती खोटा आहे याची नोंद पडद्यावर लख्ख दिसली, तरी गाडी दुसरीकडे वळवायची मुभा त्याला नसते.