प्रिंटचे प्रामाण्य

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराने पाचशे वर्षांपूर्वी बांधलेल्या मानमंदिराच्या दर्शनी भिंतीवर निळ्या झिलईच्या फरशांचे जे पट्टे अद्याप शाबूत आहेत, त्यांचे एकाच निगेटिव्हवरून निरनिराळ्या दिवशी काढवलेले दोन प्रिंट शेजारी ठेवले, आणि एकात तो निळा रंग सतेज व दुसऱ्यात राखाडलेला दिसला, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न उठतो की यांतले खरे कोणते. हा प्रश्न कारागिराचा आहे, असे समजून आपण तो लॅबवाल्यावर सोपवतो. माझ्या मते मात्र तो मूलतः प्रमाणशास्त्राचा आहे.

मीमांसक, आणि या मुद्द्यापुरते अद्वैतीही, ज्ञानाला स्वतःप्रमाण मानतात : ज्ञान उत्पन्न होते ते खरे म्हणूनच, आणि त्याचा खोटेपणा कळायचा तर पुढे एखादे बाधक ज्ञान यावे लागते किंवा कारणातला दोष उघडकीस यावा लागतो. नैयायिकांना हे मान्य नाही. दुरून दिसलेल्या पाण्याकडे तहानेला मनुष्य गेला आणि त्याची तहान भागली, तेव्हाच ते पाण्याचे ज्ञान यथार्थ होते असे ठरले. प्रामाण्य नेहमी परतः, दुसऱ्या कशावरून तरी, सिद्ध व्हायचे. एकच प्रिंट हाती असतो तोवर आपण सारे मीमांसक असतो. दुसरा समोर आला की न्यायाच्या दारात उभे राहावे लागते.

कारणदोष शोधू लागले म्हणजे जे हाती येते ते विलक्षण आहे. रंगीत प्रिंट काढणारी स्वयंचलित यंत्रे निगेटिव्हमधून येणारा लाल, हिरवा व निळा प्रकाश मोजतात, आणि कोणत्याही सर्वसाधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र कालवले तर करडा रंग उरतो, या गृहीतावर त्यांचा समतोल साधतात. म्हणजे यंत्रालाही विश्वाविषयी एक सिद्धान्त आहे, आणि तो असा की जग सरासरीने करडे आहे. बाजारातल्या गर्दीला हा सिद्धान्त लागू पडतो. परंतु निळ्या फरशांनी चौकट भरून गेली की यंत्र त्या निळाईलाच दोष समजते, तिच्या निरासासाठी पिवळा वाढवते, आणि तोमर राजाची भिंत मळकट होऊन बाहेर पडते. दोन पावले मागे सरून शेजारचा वालुकाश्म चौकटीत अधिक घ्यावा, तर त्याच रोलवरचे पुढले चित्र निराळाच निवाडा घेऊन येते.

त्यात फिल्म जुन्या मापाची असेल तर अडचण दुणावते. १२० क्रमांकाची फिल्म कोडॅकने १९०१ साली काढली, आणि आग्फा क्लिक-३ कॅमेऱ्यात तिच्यावर सहा सेंटिमीटर बाजूची बारा चौरस चित्रे उमटत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांच्या ट्रंकांत मुंजींच्या, डोहाळजेवणांच्या अशा निगेटिव्ह अजून सापडतात. या मापाचा मास्क लॅबकडे नसला तर चित्राभोवतालच्या कोऱ्या कडांतून येणारा प्रकाशही मोजणीत शिरतो, आणि यंत्र निगेटिव्हला पातळ समजून प्रिंट फिकट काढते. रोल नवा असेल तर तो धुण्याचाही प्रश्न येतो. सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसवर सव्वातीन मिनिटे लागतो आणि अंशाच्या अल्पांशाचाही फरक त्याला सोसत नाही. रोल कमी येऊ लागले की टाकीतले द्रावण वापराविना हवेने बिघडते, बिघडले की निकाल डळमळतात, आणि निकाल डळमळले की उरलेले गिऱ्हाईकही पाठ फिरवते. यात कोणाची अप्रामाणिकता नाही, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

चांगली लॅब यावर जो उपाय करते तो शुद्ध नैयायिकाचा आहे. उत्पादकाने ठरावीक प्रकाश देऊन पाठवलेली कंट्रोल स्ट्रिप ती दररोज आपल्या द्रावणातून काढते, आणि डेन्सिटोमीटरवर तिचे आकडे घेऊन संदर्भपट्टीशी त्यांची रुजवात घेते. स्वतःच्या रसायनाच्या साक्षीवर ती विसंबत नाही.

अॅन्सेल अॅडम्स हा अमेरिकन छायाचित्रकार आधी पियानोवादक होता, आणि निगेटिव्ह ही संगीतकाराची स्वरलिपी व प्रिंट हे तिचे वादन, असे तो मानीत असे. भातखंड्यांनी १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने जेथे संगीत विद्यालय उभे केले, त्या या शहरात ही उपमा पटकन पटते. एकच बंदिश दोन गवयांनी दोन तऱ्हांनी मांडावी, यात ग्वाल्हेरकराला नवल नाही. तरीही मला ती अपुरी वाटते. गवई बंदिशीचा अर्थ जाणून तिला वेगळी करतो, यंत्र मात्र न जाणता करते. आणि आजीचा सावळा चेहरा ज्याला हवा आहे त्याला त्या चेहऱ्याची नवी मांडणी नको असते.

मग निगेटिव्हलाच अस्सल दस्तऐवज का मानू नये? लाला दीनदयाळांनी काढलेली या किल्ल्याची छायाचित्रे सर लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ सालच्या मध्य भारताच्या स्मारकांवरील ग्रंथात आली, आणि दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. परंतु काच पाहून तिचा प्रिंट किती गडद हवा होता हे कळत नाही. आणि त्या काळचे अल्ब्युमिन प्रिंट कालांतराने पिवळे पडतात, म्हणून तेही पूर्ण साक्ष देत नाहीत. निगेटिव्हमध्ये चित्राची शक्यता आहे, निर्णय नाही. निर्णय कोणीतरी डोळ्यांनी पाहून, मान्य करून, जपून ठेवावा लागतो.

यावर अनवस्थेचा आक्षेप येईल : मान्य केलेल्या प्रिंटला प्रमाण कोण, आणि त्या प्रमाणाला प्रमाण कोण? नैयायिक उदयनाचार्यांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे, की जेथे शंका घेणाऱ्याचा स्वतःचाच व्यवहार शंकेच्या आड येतो तेथे शंका थांबते. ज्यांनी ती भिंत पाहिली आहे, त्या आजीच्या हातचे जेवले आहेत, त्यांनी दिवसाच्या उजेडात प्रिंट हातात घेऊन ‘हेच’ म्हटले, की मला तेवढे पुरे आहे.

म्हणून ज्यांच्या घरी अशा निगेटिव्ह आहेत त्यांना माझी विनंती आहे, की ओळखणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर एकेक प्रिंट त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावा, मागे पेन्सिलीने तसे लिहावे, निगेटिव्हजवळ पण वेगळ्या पाकिटात, अंधारात ठेवावा, आणि लॅबला काम देताना निगेटिव्हबरोबर तोही नमुना म्हणून द्यावा.