आरोप सिद्ध होण्याआधी

सकाळचं ओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून वॉर्डाचा ताबा, घेताना मॉर्फिनची एक ॲम्प्यूल कमी भरते. नोंदवहीत रात्री दोनच्या सुमाराची नोंद आहे, देणाऱ्या सिस्टरची सही आहे. पण उरलेलं औषध टाकून दिल्याच्या रकान्यात साक्षीदाराची सही नाही आणि रिकामी ॲम्प्यूलही सापडत नाही. रात्री ड्युटीला दोघी होत्या. दुपारपर्यंत कुजबुजीत नाव मात्र एकीचंच उरतं. ती फारशी कोणात मिसळत नाही, डबा एकटीच खाते.

अशा वेळी इन्चार्ज सिस्टरला पहिला मोह होतो तो मागचं आठवण्याचा. ‘गेल्या महिन्यातही तिच्याच ड्युटीत काहीतरी झालं होतं ना?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात फार मोठा अन्याय दडलेला असू शकतो. नेदरलँड्समध्ये, हेगमधल्या एका बालरुग्णालयात सप्टेंबर २००१ मध्ये एक तान्हं बाळ दगावलं. ड्युटीवर परिचारिका लुसिया दे बर्क होत्या. संशय आला आणि जुनी प्रकरणं उकरली गेली. आधी नैसर्गिक मानलेले मृत्यू, त्या हजर होत्या म्हणून, संशयास्पद ठरत गेले. हा सगळा योगायोग असण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असा आकडा न्यायालयापुढे आला. २००३ मध्ये जन्मठेप झाली. त्यांच्या गैरहजेरीत काय घडत होतं, हे मात्र तितक्याच बारकाईने कोणी पाहिलं नव्हतं. त्या येण्याआधीच्या तीन वर्षांत त्या वॉर्डात सात मृत्यू झाले होते आणि त्या असतानाच्या तीन वर्षांत सहा. १४ एप्रिल २०१० रोजी त्या निर्दोष सुटल्या. तोवर सहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात गेला होता, तिथेच पक्षाघाताचा झटकाही येऊन गेला होता. संशय आधी आला आणि पुरावा त्याच्या मापाने बेतला गेला, हे या प्रकरणातलं मला सर्वांत भयंकर वाटतं.

पण म्हणून तक्रार दाबून टाकायची का? अमेरिकेत चार्ल्स कलेन हा परिचारक न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या एकामागून एक रुग्णालयांत नोकऱ्या करत राहिला. काही ठिकाणी संशय आला होता. २००२ मध्ये एका ठिकाणी सुया टाकायच्या डब्यात औषधांच्या वापरलेल्या बाटल्याही सापडल्या. त्याला राजीनामा देऊ दिला गेला आणि तो पुढच्या रुग्णालयात रुजू झाला. डिसेंबर २००३ मध्ये त्याला अटक झाली. पुढे त्याने एकोणतीस खुनांची कबुली दिली.

‘उद्यापासून येऊ नका’ हे आपल्याकडच्या अनेक खासगी रुग्णालयांतलं सोयीचं वाक्य मला म्हणूनच अस्वस्थ करतं. कंत्राटी सिस्टर निर्दोष असेल तर तिचं म्हणणं न ऐकताच तिची भाकरी जाते. दोषी असेल तर ती पुढच्या रुग्णालयात, दुसऱ्या रुग्णांच्या उशाशी पोहोचते. सरकारी नोकरीत निदान निलंबन काळात निर्वाह भत्ता मिळतो, दोषारोपपत्र द्यावं लागतं. दोषारोपपत्राशिवाय निलंबन तीन महिन्यांपुढे लांबवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं.

मग त्या सकाळी इन्चार्जने काय करायचं? आधी रुग्णाकडे जायचं. रात्री दुखणं थांबलं होतं का, हे त्याला आणि नातेवाइकांना विचारायचं. कारण ते इंजेक्शन त्याला मिळालंच नसेल तर त्याने रात्र कशी काढली असेल, हा या प्रकरणातला पहिला प्रश्न आहे आणि गडबडीत तोच मागे पडतो. मग नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स, औषधसाठ्याची पुन्हा मोजणी, मेट्रन मॅडमना लेखी कळवणं. दोघी सिस्टरांना वेगवेगळं बसवून, तेच प्रश्न, लेखी. जिच्यावर संशय आहे तिला तक्रार काय आहे हे स्पष्ट शब्दांत सांगायचं; तिने ते पॅन्ट्रीत मावशींकडून ऐकता कामा नये. चौकशी होईपर्यंत औषधांच्या कपाटाची किल्ली दोघींकडूनही काढून घ्यायची आणि ही तात्पुरती सोय आहे, शिक्षा नाही, असं कागदावर लिहून ठेवायचं. ज्युनिअर मुली विचारतील, ‘मॅडम, तिनंच घेतलं का?’ त्यावर ‘चौकशी चालू आहे’ याहून एक शब्दही जास्त बोलायचा नाही. चेहऱ्यानेसुद्धा नाही, आणि हे फार अवघड आहे, कारण वॉर्ड इन्चार्जचा चेहराच वाचत असतो.

ती निर्दोष ठरली तर तसं पत्र तिच्या हातात द्यायला हवं आणि इन्चार्जने स्वतः तिन्ही पाळ्यांच्या ओव्हरला ते सांगायला हवं. पण कित्येकदा काहीच ठरत नाही. ॲम्प्यूल फुटून केरात गेली, की कोणी घेतली, हे कधीच कळत नाही. मग फाइलवर ‘आरोप सिद्ध झाला नाही’ एवढंच लिहायचं, ‘संशयाला जागा आहे’ अशी शेपटी जोडायची नाही, आणि पुढच्या महिन्याची ड्युटी लावताना दोघींनाही किल्ली परत द्यायची. साक्षीदाराची सही मात्र त्या दिवसापासून कोणालाच चुकणार नाही, इन्चार्जलाही नाही.