करवाढ नसलेले शहर

नवी मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत सादर होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : कोणतीही करवाढ नाही. २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ५,७०० कोटींचा होता, वाक्य तेच होते. वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत हे वाचून आता कोणी पेढेही वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी वीस वर्षे वाढू देणार नाही, असा शब्द शहराचे जुने नेते गणेश नाईक यांनी दिला होता. मधल्या काळात त्यांनी पक्ष बदलला, राज्यातली सरकारे बदलली, सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले. शब्द टिकला. आपल्या राजकारणात इतका पाळलेला शब्द विरळा, आणि माझी तक्रार नेमकी त्याच्याबद्दल आहे.

कारण कर गोठतो तेव्हा खर्च गोठत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर पडतो.

या शहराला ही सवय जन्मापासून आहे. मार्च १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली तेव्हा राज्य सरकारने तिच्या हाती भांडवल दिले ते ३.९५ कोटींचे. उरलेले शहर जमिनीने उभे करायचे होते. शेतकऱ्यांकडून सरकारी दराने घ्यायची, रस्ते-गटारे टाकून विकसित करायची, चढ्या भावाने भाडेपट्ट्यावर द्यायची आणि त्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे शहराचा पुढचा भाग, उभारायचा. कागदावर हे गणित देखणे आहे. त्यातला 'सरकारी दर' हा शब्द मात्र उरणजवळच्या जासईला जाऊन उच्चारावा. त्या परिसरात जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेव्हा कुठे शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची वाट मोकळी झाली. आज विमानतळाशी दि. बां.चे नाव जोडले जाते. शहराच्या खर्चाचा पहिला हप्ता कोणी भरला, ते त्यातून निदान नोंदले तरी जाते.

महापालिका १९९२ पासून कारभार पाहू लागली. तिच्या वाट्याला शहर आले, जमीन नाही आली. भूखंड सिडकोचा, विक्रीचे पैसे सिडकोचे. त्या भूखंडावर उभ्या राहणाऱ्या टॉवरचे पाणी, मल, कचरा आणि समोरचा रस्ता महापालिकेचा. मंडई हवी, शाळा हवी, स्मशानभूमी हवी, की पालिकेने सिडकोकडे भूखंड मागायचा. २०२२ मध्ये पालिकेने विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला आणि सिडकोच्या अनेक मोकळ्या भूखंडांवर सार्वजनिक सुविधांची आरक्षणे दाखवली, त्यावरून दोघींचे बिनसले ते याचमुळे. एकीला तिथे विक्रीची किंमत दिसते, दुसरीला उद्याची शाळा. दोघीही राज्याच्याच नगरविकास खात्याच्या लेकी, त्यामुळे भांडण मंत्रालयात जाते आणि नागरिकाला त्यातला निकालच तेवढा कळतो.

तरीही सुरुवातीची पालिका धीट होती, हे सांगायलाच हवे. जकात नाके न उभारता तिने व्यापाऱ्यांकडून उपकर घेतला. २००२ मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून खालापूरजवळचे मोरबे धरण विकत घेतले. दिवसाला ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचे स्वतःचे धरण असलेल्या महापालिका देशात हाताच्या बोटांवर मोजाव्यात. पाणीकपातीच्या बातम्यांत शेजारची शहरे होरपळतात तेव्हा नवी मुंबईकर जी ऐट मिरवतो, ती त्या एका खरेदीची पुण्याई आहे. म्हणजे मोठा खर्च अंगावर घेण्याची ताकद या सभागृहात होती.

मग पैशाची वाट बदलली. उपकर गेला, २०१३ मध्ये स्थानिक संस्था कर आला, दोन वर्षांत बहुतेक व्यापारी त्यातून सुटले, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि पालिकेच्या हाती राज्याकडून येणारे अनुदान राहिले. स्वतःच्या हक्काचा मोठा कर उरला तो मालमत्तेचा, आणि त्याचा दर तर शब्दाने बांधलेला. वाढ मग दुसऱ्या वाटांनी शोधायची. लिडार सर्वेक्षण करून नोंद नसलेली बांधकामे हुडकायची. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लावायची आणि अधूनमधून अभय योजना काढून ती बरीचशी माफ करायची. वेळेवर भरणाऱ्याने मात्र बघत बसायचे. आणि नगररचना विभागात बांधकाम परवानगीपोटी जमा होणारी विकास शुल्के, अधिमूल्ये.

ही शेवटची वाट मला सगळ्यांत जास्त खटकते. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या, छताचे तुकडे पडणाऱ्या इमारतींचा पुनर्विकास अडीच चटई क्षेत्र निर्देशांकाने सुरू झाला. प्रत्येक मजल्यामागे शुल्क आहे, १ टक्का कामगार कल्याण उपकर आहे, सिडकोचे ना हरकत प्रमाणपत्र आणि त्याचे वेगळे पैसे आहेत. विकासक यातला एक रुपया स्वतःच्या खिशातून देत नाही. तो नव्या फ्लॅटच्या दरात घालतो. म्हणजे जुन्या रहिवाशाची करवाढ वाचते ती अजून शहरात न आलेल्या कुटुंबाच्या गृहकर्जातून. त्या कुटुंबाला इथे मत नाही. ते अजून डोंबिवलीत किंवा साताऱ्यात राहते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरे काय!

कॅलिफोर्नियाने हा प्रयोग आपल्याआधी केला. जून १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केले : मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर बांधला आणि घर विकले जाईपर्यंत करासाठीचे मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही, असे ठरले. जुने घरमालक खूश झाले. नगरपालिकांनी मग नव्या घरांवरची शुल्के वाढवली आणि विक्रीकर देणाऱ्या दुकानांना घरांपेक्षा झुकते माप दिले. एकाच गल्लीत, सारख्याच दोन घरांच्या करात अनेक पटींचा फरक पडला. तिथे निदान लोकांनी मतदान करून ते ओढवून घेतले होते.

नवी मुंबईत पैशापलीकडे आणखी एक गोष्ट करवाढ न करण्याच्या शब्दाने नेली, ती म्हणजे सभागृहाचे वजन. कायद्याप्रमाणे दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत कराचे दर ठरवायचे असतात. नगरसेवकाला लोकांसमोर जाऊन 'तुमच्याकडून इतके घेतो, त्याचे हे करतो' असे सांगावे लागणारा हा वर्षातला एकमेव प्रसंग. तो टळला की महासभेत उरतात पदपथ, गटारे आणि ठेके. खर्चावर बोलायला सगळे पुढे, जमेवर बोलायला कोणी नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला तेव्हा हे उघडे पडले. भाजपचे सहा नगरसेवक वगळता जवळजवळ अख्खे सभागृह ठरावाच्या बाजूने होते. मुंढे त्यानंतरही मार्च २०१७ पर्यंत आयुक्त राहिले. रस्त्यावरचा माणूस आयुक्तांच्या बाजूने, निवडून दिलेले लोक एकाकी. मुंढ्यांच्या कार्यशैलीबद्दल मतभेद असू शकतात, पण आपणच निवडलेल्या एवढ्या लोकांचा ठराव धाब्यावर बसतो आणि शहराला हायसे वाटते, हे लक्षण बरे नव्हे.

मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचना यांत निवडणुका रखडल्या. मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. राज्यघटना पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या म्हणते, आपण एक अख्खी मुदत सभागृहाविना काढली. या काळात आयुक्त प्रस्ताव मांडायचे आणि प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर करायचे. बेलापूरच्या पामबीच रस्त्यावरच्या त्या भव्य मुख्यालयात सभागृह रिकामे होते, आणि खरे सांगायचे तर कोणाचे फारसे अडले नाही. कर वाढला नव्हता, मग विचारायचे कोणाला आणि काय?

जे सभागृह होते, त्याच्या ठरावांचीही कथा फार वेगळी नाही. २०१९ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा ठराव महासभेने केला. तो राज्याच्या मंजुरीसाठी गेला आणि तिथेच रेंगाळला. पालिकेचे उपविधीही राज्याने मान्य केल्याशिवाय लागू होत नाहीत आणि महासभेचा ठराव सरकार विखंडित करू शकते. गावठाणांतली गरजेपोटी बांधलेली घरे घ्या : गावठाणाच्या हद्दीपासून किती मीटरच्या आतली नियमित करायची, कोणत्या दराने, हे सारे मुंबईहून ठरते. घणसोली, कोपरखैरणे, दिघ्याच्या गल्ल्यांत पाणी आणि रुग्णवाहिका कशी पोचवायची, एवढे पालिकेकडे येते.

नव्या सभागृहासमोर आता डोंगरापलीकडची १४ गावे आहेत. एकदा पालिकेत होती, २००७ मध्ये वगळली गेली. कराला तिथल्या लोकांचा विरोध हे त्यामागचे एक मोठे कारण. पुढे राज्याने ती पुन्हा जोडायचे ठरवले तेव्हा गणेश नाईक यांनी हरकत घेतली : त्या गावांच्या विकासाचा खर्च नवी मुंबईकरांच्या करातून का म्हणून करायचा, राज्याने आधी पैसे द्यावेत. हरकत रास्त आहे. गावकऱ्यांनीही विचारावे, रस्ता आणि नळ आधी की बिल आधी. मात्र अमुक विकासाचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न या शहरात बऱ्याच वर्षांनी इतक्या मोठ्याने विचारला गेला, तो डोंगरापलीकडच्या गावांबद्दल. वाशीच्या नव्या टॉवरबद्दल तो महासभेत अजून कोणी विचारलेला नाही.