भरलेल्या घरातली जागा

डिसेंबर लागला की आमच्या वस्तीवर सगळ्या कामांची एकदमच गर्दी होते. उन्हाळी कांद्याची लागवड ह्याच दिवसांत, गव्हाला पाणीही ह्याच दिवसांत, आणि लाईट बहुतेक रात्रीची. उसाला तोड आली तर माणसं कधी दारात उभी राहतील ते सांगता येत नाही. त्यातच नाताळ. घराला रंग, गोधड्यांची धुणी, करंज्या, चकल्या, शेव, कामट्या आणि पतंगाचा कागद आणून चांदणी बांधायची ती वेगळीच. नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती शेतकऱ्यांचा नाताळ असा कामाच्या मधूनच वाट काढत येतो. मंडळीतली पोरं पेटी-तबला घेऊन रात्री वस्त्या हिंडतात, तेव्हा घरातला एक जण हमखास बॅटरी घेऊन दारं धरायला गेलेला असतो.

शब्बाथ शाळेतली नाताळाची नाटिका दरवर्षीचीच. मागे एकदा माझ्या नातवाला तिच्यात उतारशाळेच्या मालकाचं काम आलं. काम दोन वाक्यांचं, जागा नाही म्हणायचं आणि दार लावायचं. पोरगं रुसून बसलं. म्हणालं, "आज्जी, मला वाईट माणूस नाही व्हायचं." मी त्याला मेंढपाळाचं काम मिळवून दिलं असतं, पण त्याच्या बोलण्यानं मलाच विचारात पाडलं. तो मालक खरंच वाईट होता का?

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मी काढून वाचला. त्यात उतारशाळेचा मालक नाहीच. जागा नव्हती, एवढंच लिहिलंय. कुणी नाही म्हटलं, दार कुणी लावलं, काही नाही. तो माणूस आपण नाटकासाठी उभा केलाय. दोष द्यायला कुणीतरी लागतं ना. आणि जागा का नव्हती, तेही त्याच अध्यायात आहे. औगुस्त कैसराचा हुकूम निघाला होता, नावनिशी लिहायला ज्यानं त्यानं आपापल्या गावी जायचं. गाव माणसांनी भरून गेलेलं. दिवस भरलेली बाई वाटेवर का होती, तर वरून हुकूम आला म्हणून. मग ज्याचं घर खरोखरच भरलेलं आहे, त्याचा दोष किती?

हा प्रश्न मला पुस्तकातला वाटत नाही, कारण ह्याच महिन्यात तो आमच्या बांधाला येऊन उतरतो. ऊसतोडीची टोळी. बीडकडची माणसं, कधी पाथर्डीची. दिवाळी झाली की येतात ते उन्हाळा लागेपर्यंत. चार कामट्या वाकवून वर कागद टाकला की झाली कोपी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल आधीच घेतलेली, ती फेडायला दोघांनी राबायचं. एक जण आजारी पडला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या आणि अंधारातच फड गाठायचा. तान्ही पोरं पाचटावर, मोठी पोरं त्यांना राखायला. आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादी बाई दिवस भरत आलेले असताना मोळ्या वाहताना दिसतेच. तिलाही वरून हुकूमच असतो, फक्त तो कैसराचा नसून उचलीचा असतो.

आता आमच्या घरात जागा आहे का? तर नाही. नाताळाला मुंबईची लेक येते, पुण्याचे दीर येतात, ओसरीवर अंथरुणाला अंथरूण लागतं. शेळ्यासुद्धा पडवीत बांधाव्या लागतात. कुणी म्हणालं, तुमचं घर भरलेलं आहे, तर ते खरंच आहे.

पण भरलेलं म्हणजे काय, हे मला गव्हाणीनं शिकवलं. शहरातली माणसं पुठ्ठ्याची गव्हाणी करतात, कापसाचं बर्फ लावतात, छान दिसते. आमची गव्हाण जनावरांच्या लाळेनं ओली असते, वास मारते. तिच्यात बाळ ठेवायचं तर आधी वैरण बाजूला काढावी लागते. म्हणजे तीही रिकामी नव्हतीच. ती रात्रभर रिकामी करावी लागली, आणि बैलाला भुईवर खावं लागलं. जागा कुठं पडलेली सापडत नाही. कुणीतरी थोडं सरकतं तेव्हा ती होते.

आम्हाला तर हे कळायलाच हवं. आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं, तोवर आमच्या माणसांना गावात जागा नव्हती, पाणवठ्यावर नव्हती, शाळेत तर नव्हतीच. मी दहावीपर्यंत शिकले ती मिशनच्या बोर्डिंगात राहून. आज पाटाचं पाणी आहे, ऊस आहे, पक्कं घर आहे. ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांचीच आता दारं झाली. दार असलं की ते लावायची सवय लागायला वेळ लागत नाही.

माझ्या सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांची एक रीत होती. द्यायच्या आधी विचारायचं. टोळी उतरली की त्या कोप्यांपाशी जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, "काय नडतंय गं?" तीच रीत मी चालवते. दोन वर्षांमागं एक पोटुशी पोर होती, विशीच्या आतबाहेरची. आमची कांदाचाळ डिसेंबरात मोकळीच असते, उन्हाळी कांदा विकून झालेला असतो. मी तिला विचारलं, चाळीत झोपणार का, का आणखी काही हवंय? ती म्हणाली, "मावशी, जागा नगं. कोपी हाय की. न्हाणी द्या. आन् रातीचं पोटात दुखाय लागलं तर गाडीचं बघा."

दारामागची न्हाणी. तीच ती मागत होती. टोळीतल्या बायका उजाडायच्या आधी नाही तर अंधार पडल्यावर उघड्यावर अंग धुतात, हे मी रोज बघत होते. विचारल्याशिवाय दिलेली जागा बहुतेक वेळा देणाऱ्याच्या सोयीची असते. चाळ माझ्या सोयीची होती, न्हाणी तिच्या गरजेची.

थोरला म्हणाला, "आई, आज एकीला न्हाणी दिली, उद्या बाराही कोयत्यांच्या बायका येतील. घरात पाहुणे. शिवाय तिला काही झालं तर मुकादम आपल्यावर येईल." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. संसार त्याला चालवायचाय. सून मात्र म्हणाली, "येऊ द्या. आपण सकाळी वापरतो, त्या संध्याकाळी वापरतील." तेवढ्यावर मिटलं. बारा नाही, पाच जणी आल्या. पाणी जरा जास्त तापवावं लागलं. त्या बदल्यात रोज आमच्या शेळ्यांपुढं वाढ्याचा भारा पडू लागला. फुकट कुणाला नको असतं. त्या पोरीला नाताळाच्या चार दिवस आधी रात्री दीड वाजता कळा आल्या, तेव्हा तिला दवाखान्यात घेऊन गेला तो थोरलाच. मुलगी झाली. पुढं ती टोळी पलीकडच्या गावाला गेली.

ह्यावर समाधान मानून बसावं असं मला वाटत नाही. गव्हाणीत जागा झाली म्हणून कैसराचा हुकूम काही मागं घेतला गेला नाही. आमच्या न्हाणीनं खाडा थांबत नाही, तोडणीचा दर वाढत नाही, कोपीतलं पोर शाळेत जात नाही. ते कारखान्यांचं आणि सरकारचं काम आहे, आणि त्यांच्याच हातानं तुटलेल्या उसाचा पैसा घेणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांचंही आहे. दया केली म्हणजे न्याय झाला असं समजू नये. पण न्याय व्हायचाय म्हणून तोवर न्हाणीचं दार लावून बसायचं, हेही मला पटत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करायची आहेत.

म्हणून माझं उत्तर एवढंच आहे. घर भरलेलं असणं हा दोष नाही. लेकरंबाळं असलेलं घर भरलेलंच असावं. काय नडतंय ते न विचारता नाही म्हणणं, हा दोष. विचारल्यावर कधी कधी खरंच देता येत नाही, तेव्हा तसं तोंडावर सांगावं. पण बहुतेक वेळा समोरचा माणूस आपल्याला वाटतं त्याहून कमीच मागतो. बादलीभर ऊन पाणी, आडोसा, रात्री उठून गाडी काढणारं कुणीतरी. तेवढ्यापुरतं सरकलं तरी भरलेल्या घरात पुष्कळ जागा निघते.