उतार कुठे आहे, ते आधी सांगा

"रायपुरात कुठला आलाय पूर, बाई?" हे वाक्य यापुढे माझ्यासमोर उच्चारायचं नाही. तात्यापाऱ्यातलं वडिलोपार्जित घर विकून तुम्ही कॉलनीत बंगला बांधलात, ग्रॅनाइटचा ओटा केलात, जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवलात. मग एका रात्रीच्या पावसात दिवाणखान्यात घोटाभर पाणी आलं की म्हणता, "नगर निगमनं नाला साफ केला नाही." नसेल केला. निगमला फैलावर घ्यायला वर्तमानपत्रं आहेत, पार्षद आहे. माझा हिशेब तुमच्याशी आहे, कारण तुम्हाला भूगोल मी शिकवलाय आणि त्यात तुम्ही पास झाला होतात. कसे झालात, ते आता विचारत नाही.

पूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खारून नदी येते. महादेव घाटाच्या पायऱ्या बुडाल्या की पूर, नाहीतर सगळं आलबेल. अरे, खारून शहराच्या पश्चिम कडेनं जाते. तुमच्या घरात शिरलेलं पाणी नदीतून आलेलं नव्हतं, ते नदीकडे निघालं होतं आणि वाटेत तुमचं घर होतं. जुनं रायपूर तलावांचं गाव. बुढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली ही काही संध्याकाळी पॉपकॉर्न खात फिरायला खणलेली नव्हेत. उतारावरचं पाणी अडवायचं, पोटात घ्यायचं आणि भरलं की पुढच्या नाल्याला सोडायचं, अशी ती सोय होती. राजबंधा तालाब बुजवला, आज त्याला आपण राजबंधा मैदान म्हणतो. तलाव कागदावर मैदान झाला, पण उतार कोणी बदलला? प्रोफेसर कॉलनी आणि जलविहार कॉलनीत पाणी साचल्याच्या बातम्या पावसाळ्यात तुम्ही वाचता, चहाचा घोट घेता आणि पान उलटता.

प्लॉट घेताना काय काय पाहिलंत, ते मला ठाऊक आहे. वास्तू पाहिली, ईशान्य कोपरा मोकळा आहे ना ते पाहिलं. रजिस्ट्री, डायव्हर्शन, बँकेचा व्याजदर, त्यात पाव टक्का कमी व्हावा म्हणून तीन बँकांचे उंबरे झिजवलेत. पण पटवाऱ्याला एवढं विचारलंत का, की मिसल बंदोबस्ताच्या जुन्या नोंदीत या खसऱ्यावर काय होतं, शेत, डबरी की नाला? शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलंत का, की ही जमीन भाठा की कन्हार? भाठा म्हणजे उंचावरची लाल मुरमाड जमीन, तिच्यावर पाणी टिकत नाही. कन्हार ही खोलगट भागातली काळी चिकण माती, पाणी धरून ठेवते, म्हणून तर तिच्यात धान पिकतं. धानाच्या बांधीत घर बांधलंत आणि आता पाणी साचलं म्हणून नवल करताय! त्यातून समोरचा रस्ता दर दोन-चार वर्षांनी नव्या डांबरानं वर चढतोय आणि तुमचं जोतं आहे तिथंच आहे. आज रस्त्यावर उभं राहून बघा, घरात जायला पायरी चढावी लागते की उतरावी लागते?

नागपूरचं उदाहरण तरी डोळ्यांसमोर ठेवा. तिथं तुमचे मामा, आत्या, साडू सगळे आहेत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत आली. नाग नदी! जिला एरवी नागपूरकर नाला म्हणून नाक मुरडतात. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट या काही झोपडपट्ट्या नाहीत, डॉक्टर-वकिलांच्या चांगल्या वस्त्या आहेत. तळमजल्यावर झोपलेली माणसं पलंगाला पाणी लागल्यावर जागी झाली. सरकारनं नंतर बाधित कुटुंबांना दहा-दहा हजार रुपये जाहीर केले. दहा हजारांत काय येतं? भिजलेल्या फ्रिजचं दारसुद्धा येत नाही.

आणि सरकार देईल या भरवशावर बसणाऱ्यांनी आकडे ऐकावेत. 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांत मैदानी भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर 1,20,000 रुपये ठरले होते. अंशतः पडलं, तेही किमान पंधरा टक्के, तर 6,500. घर उभं आहे, फक्त सोफा, गाद्या, वॉशिंग मशीन आणि मुलीचा लॅपटॉप गेला, तर त्यात तुमच्यासाठी जवळपास काहीच नाही. आपल्याकडे या मदतीच्या नियमाचं नाव "आरबीसी छह-चार", तहसीलात जाऊन एवढं म्हटलं की बाबू फॉर्म काढून देतो. मदतीचा अर्ज जरूर करा, तो हक्क आहे. पण ती मदत आहे, भरपाई नव्हे, आणि हा फरक मी तुम्हाला आता या वयात समजावते आहे!

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" ऐकून पाय पसरून बसणाऱ्यांसाठी थोडं गणित. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी पूररेषा आखतात, निळी पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. यंदा आला म्हणून पुढली नव्व्याण्णव वर्षं सुटी, असा त्याचा अर्थ नाही. तुमचं गृहकर्ज वीस वर्षांचं. 0.99 ला वीस वेळा स्वतःनं गुणा, 0.82 उरतात. म्हणजे हप्ते फिटायच्या आत तो पूर निदान एकदा दारात येण्याची शक्यता सुमारे अठरा टक्के. पंचवीस वर्षांच्या पुराची तर छप्पन टक्के, नाणं उडवल्यापेक्षा वाईट. सांगलीकरांनी 2005, 2019 आणि 2021 असे सोळा वर्षांत तीन महापूर पाहिले. कृष्णेनं काही कॅलेंडर पाहिलं नाही.

आता विम्याकडे वळू. इथं तर तुमच्या अज्ञानाला तोड नाही. "बँकेनं काढलाय ना, बाई." काय काढलाय? कागद आणा, वाचू. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. तुम्ही गेलात तर कर्ज फिटेल. भिंत गेली तर दमडी मिळणार नाही. घराचा असलाच, तर विम्याची रक्कम कर्जाएवढीच आहे का, बघा. इमारतीचाच आहे की सामानाचाही, बघा. मुदत कधीच संपून गेलेली नाही ना, बघा. आणि बँकेचं नाव त्यावर असेल तर भरपाईवर पहिला हात बँकेचा, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असतं. मिक्सरची वॉरंटी तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवता. ही पॉलिसी कुठल्या खणात आहे, ते तुमच्या घरात कोणालाच माहीत नाही.

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकानं देशातल्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच मजकुराची घरविमा पॉलिसी विकायला लावली आहे, तिचं नाव भारत गृह रक्षा. आगीबरोबर वादळ, पूर, पाणी तुंबणं हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जमिनीच्या भावाचा नाही. "बाई, माझं घर साठ लाखांचं" हे विसरा. हजार चौरस फूट चटई क्षेत्र, बांधायला फुटाला दोन हजार, झाला वीस लाखांचा विमा. घर आणि सामान दोन्ही घेतलंत तर सामानाला इमारतीच्या वीस टक्के, म्हणजे इथं चार लाख, आपोआप मिळतात. त्याची कमाल मर्यादा दहा लाख. जास्त हवं तर यादी देऊन वाढवा. दागिन्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागते, रोकड त्यात धरत नाहीत. क्षेत्रफळ मात्र खरं लिहा. ते खरं असेल, तर "तुम्ही कमी रकमेचा विमा काढला होता" म्हणून कंपनी भरपाई छाटू शकत नाही. हप्ता तर एवढा किरकोळ, की तो ऐकून तुम्हाला लाज वाटायला हवी.

तुमचा पुढचा प्रश्नही मला माहीत आहे. नदी नाही, मग याला पूर म्हणतील का? हाच वाद जे. के. सिमेंट वर्क्सच्या प्रकरणात झाला. अतिवृष्टीनं आवारातला कोळसा वाहून गेला, विमा कंपनी म्हणाली, हा पूरच नव्हे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ऐकलं नाही. मुसळधार पावसानं साचलेलं पाणीही पॉलिसीतल्या "पूर, पाणी तुंबणं" या शब्दांत बसतं, असा निकाल दिला. मात्र म्हणून गच्चीची गळती, भिंतीची ओल, सहा वर्षं न केलेलं वॉटरप्रूफिंग यांचे पैसे मागायला जाऊ नका. ते पूर नव्हेत, तो तुमचा आळस आहे.

आणि पाणी ओसरल्यावर तुमची ती घाई! घर धुवायचं, गाद्या कबाडीला द्यायच्या, आणि चौथ्या दिवशी कंपनीला फोन. सर्व्हेअर येऊन पाहणार काय, फिनाइलचा वास? आधी कंपनीला कळवा. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली, तिथं मोजपट्टी धरून फोटो काढा. फ्रिजच्या पाठीमागचा नंबर टिपा, भिजलेलं सामान एका बाजूला रचून ठेवा. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी गेलं असताना चावी फिरवली की जे नुकसान होतं, ते साध्या पॉलिसीत बसवून घेणं महाकठीण, आणि नुसता थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. दावा फेटाळला तर रडत बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. छत्तीसगडचा लोकपाल भोपाळला बसतो. त्याच्याकडे वकील लागत नाही आणि फीही लागत नाही. तुमच्यासारख्या काटकसरी माणसांना एवढं कारण पुरे आहे.

येत्या रविवारी आपल्या मंडळाच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपली पॉलिसी आणायची. मोबाईलमधला फोटो चालणार नाही, सगळी पानं हवीत. ज्याच्याकडे पॉलिसीच नाही त्यानं कोऱ्या कागदावर आपल्या घराचा नकाशा काढून आणायचा. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बाणांनी दाखवायचं. आणि बायकोकडून काढून आणायचा नाही, अक्षर मी ओळखते.