भिंतीवरची तारीख

शिरोली एमआयडीसीतल्या त्या फौंड्रीच्या ऑफिसात पाऊल टाकलं की उजव्या हाताला काकूंचं टेबल लागायचं. टेबलावर आवक आणि जावक अशी दोन रजिस्टरं, खोक्यात रबरी शिक्के आणि पाठीमागच्या भिंतीवर खिळ्याला कालनिर्णय. १९७३ पासून मराठी घरांत हे कॅलेंडर लागतं. त्याच्या चौकोनांत दूध, गॅसचा सिलिंडर, कामवालीचे खाडे लिहिले जातात. काकूंच्या चौकोनांत आख्खा कारखाना होता. वजनकाट्याच्या शिक्क्याची तारीख, क्रेनच्या तपासणीची, आग विझवायच्या नळकांड्यांची, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची. मार्चच्या शेवटच्या रविवारी बारीक अक्षरात ‘जर्मनी ३॥’ आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ‘जर्मनी ४॥’. पंपांच्या बॉडीचं ओतकाम तिकडे जायचं, आणि तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दीड, हिवाळ्यात अडीच.

२०१८ च्या पावसाळ्यात मालकांनी मला बोलावलं. मेलनं सगळ्यांचा जीव खाल्ला होता.

२००९ मध्ये एका तरुण मुलानं, ऑफिसात सगळे त्याला सिस्टिमवाला म्हणायचे, जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर बसवला होता. त्यावर लिनक्स, त्यावर झिंब्रा. मेल आणि कॅलेंडर दोन्ही देणारी ती प्रणाली फुकट वापरता यायची आणि मुलगा कष्टाळू होता. २०१४ मध्ये तो पुण्याला गेला आणि कपाटाला कुणी वाली उरला नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या. कधीतरी कुणाचा तरी पासवर्ड फुटून त्या सर्व्हरवरून कचरा बाहेर गेला होता, त्यामुळे त्याचा पत्ता काळ्या यादीत जाऊन बसला होता; फौंड्रीची कोटेशनं जर्मनीत स्पॅमच्या ढिगात पडत होती. बहुतेक पीसींवर आउटलुक आणि त्यात पॉप. पॉप म्हणजे पोस्टातून टपाल घरी घेऊन येणं: पत्र पीसीवर उतरतं आणि वेगळं सांगितलं नसेल तर सर्व्हरवरून पुसलं जातं. खरेदी विभागातल्या एका पीसीवर जुन्या पद्धतीची पीएसटी फाइल होती. तिची मर्यादा दोन जीबीची. ती भरली, बिघडली आणि तीन वर्षांचा पत्रव्यवहार तिच्याबरोबर गेला. खरेदीवाले त्या दिवशी जेवले नव्हते, असं काकूंनी मला सांगितलं.

मालकांची मुलगी निर्यातीचं काम बघायची. ताई आणि मी आठ दिवस एकत्र बसलो. पुन्हा स्वतःचा सर्व्हर की भाड्याची सेवा, हा पहिला प्रश्न. स्वतःचा सर्व्हर वाईट नसतो, हे मी आजही म्हणेन. पण तो गायीसारखा आहे, रोज दोन वेळा बघावा लागतो. बघणारा माणूस पगारावर नसेल तर दावणीला बांधू नये. मग भाड्याच्या सेवांत मायक्रोसॉफ्ट आणि गूगल उरले. आम्ही साधे प्रश्न घेतले. मेल सर्व्हरवरच राहील आणि फोनवर, पीसीवर सारखाच दिसेल ना? रविवारी रात्री अडलं तर फोन कोण उचलेल? उद्या सोडून जायचं झालं तर आपले मेल आणि तारखा बाहेर काढता येतील का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत आणि पुढे अडकतात. कॅलेंडरांसाठी १९९८ पासून आयकॅलेंडर नावाचं खुलं मानक आहे. बैठकीबरोबर ते कालविभागही साठवतं, म्हणून जर्मनीनं घड्याळ फिरवलं की आपली बैठक आपोआप सरकते. आम्ही दोनपैकी एक सेवा घेतली. कोणती, यानं पुढच्या गोष्टीत फरक पडत नाही. तिनं आपलं काम चोख केलं.

माझंही काम तेव्हा मला चोख वाटत होतं. नोव्हेंबरातला एक शनिवार ठरवला. तीन दिवस आधी डीएनएसमधल्या नोंदींची मुदत पाच मिनिटांवर आणली, म्हणजे बदल केला की जगाला लगेच कळेल. रात्री एमएक्स नोंद नव्या सेवेकडे वळवली, म्हणजे येणारी पत्रं तिकडे उतरतील. एसपीएफ आणि डीकिम लावले, म्हणजे आपलं पत्र आपणच पाठवलंय हे पलीकडच्याला तपासता येईल. सोमवारी सकाळी ताईंचं कोटेशन जर्मनीत थेट इनबॉक्समध्ये पोहोचलं. पुढचे दोन आठवडे मी शॉपवर फिरत होतो. मोल्डिंगच्या सुपरवायझरांच्या फोनवर कॅलेंडर उतरवलं. रात्री दहानंतर वीज स्वस्त म्हणून भट्टीचे मोठे हीट तेव्हाच लागायचे. त्यांचं वेळापत्रक सगळ्यांना दिसेल असं केलं. ज्यांना पासवर्ड टिकत नव्हता त्यांच्याजवळ बसलो, चिडलो नाही. मेल बदलणं म्हणजे माणसांची दहा वर्षांची सवय बदलणं. त्याला वेळ द्यावाच लागतो.

भाडं खात्यामागे होतं. म्हणून सोडून गेलेल्यांची सात खाती मी बंद केली. त्यांत सिस्टिमवाल्याचंही होतं. मेल काढून ठेवले, खातं पुसलं. महिन्याचा तेवढा खर्च वाचला, म्हणून मालक खूश झाले.

मार्चमधली एक बैठक मी काकूंना पडद्यावर दाखवली. शेवटच्या रविवारनंतर ती अडीचवरून आपोआप दीडवर आली होती. काकू बघत राहिल्या.

‘‘काय ओ, हे आपलं आपण सरकलं?’’

‘‘आता भिंतीवर लिहायला नको,’’ मी म्हणालो.

‘‘भिंतीवर अजून बी काय काय हाय की. तेवढं बघतासा काय?’’

मी घड्याळ बघितलं. मला पाचला कागलला पोहोचायचं होतं. ‘‘बैठका सगळ्या घेतल्यात काकू,’’ म्हणालो आणि बॅग उचलली.

डिसेंबरात ऑफिसला रंग दिला. भिंत पांढरी शुभ्र झाली, खिळा निघाला. २०१९ चं कालनिर्णय काकूंनी स्वयंपाकघरात लावलं. जुनं गुंडाळून रबर लावून कपाटावर ठेवलं.

ऑगस्ट २०१९ कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस ट्रकच्या रांगा जागच्या जागी उभ्या राहिल्या. फौंड्री उंचावर होती म्हणून वाचली, पण माणसं येऊ शकत नव्हती. काकूंचं घर शिरोळ तालुक्यात. त्यांना बोटीतून काढलं.

भट्ट्या बंद होत्या, तरी ताई घरून फोनवर मेल बघत होत्या. ऑफिसातल्या लोकांचे एकमेकांना मेल येत-जात होते. बाहेरून काहीच येत नव्हतं. कुणाला नवल वाटलं नाही. सगळं जगच थांबल्यासारखं झालं होतं, मेलही थांबला असेल. सर्व्हर जिन्याखाली नाही हे किती बरं झालं, असा विचार त्या आठवड्यात माझ्या मनात येऊन गेला होता.

पाणी उतरायला लागलं आणि ताईंचा मोबाइल वाजला. जर्मनीच्या गिऱ्हाईकाकडची खरेदीची बाई होती. तिनं आधी विचारलं, तुम्ही सगळे जिवंत आहात ना? बातम्यांत पूर बघून तिनं चार वेळा पत्र लिहिलं होतं. चारही परत आली होती.

ताईंनी मला फोन केला. मी लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत कळलं. सेवा चालू होती, खाती चालू होती. संपलं होतं ते नाव. फौंड्रीच्या डोमेनची मुदत ६ ऑगस्टला संपली होती. सर्व्हर बंद पडला तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करतो, पत्र हरवत नाही. पण नावच संपलं की ते विकणारी कंपनी त्याला दुसरीकडे वळवते आणि पत्र तिथल्या तिथे परत फिरतं. आतले मेल नव्या सेवेच्या घरातल्या घरात फिरत होते, त्यांना नावाची गरज पडत नव्हती.

सिस्टिमवाल्यानं २००९ मध्ये नाव एकदम दहा वर्षांसाठी घेतलं होतं. एका वेळी त्याहून जास्त घेताच येत नाही. चांगल्या मनानं केलं होतं, दरवर्षी कुणाला घोर नको म्हणून. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या खात्यावर येणार होत्या, आणि आल्याही असतील. ते खातं मी पुसलं होतं.

नाव विकणाऱ्या कंपनीनं पुरावा मागितला. ग्राहक क्रमांक, पावती, काहीतरी. सिस्टिमवाल्याचा नंबर बदललेला. मुदतीनंतर काही दिवस मालकाला नाव परत घेता येतं. ते दिवस पळत होते. दुसरा कुणी ते नाव घेऊन बसला असता, तर फौंड्रीच्या नावानं येणारं प्रत्येक पत्र त्याच्या हातात पडलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी काकू आल्या. अंगावर कुणाची तरी साडी, पायात वेगवेगळ्या चपला. घरातला चिखल काढायचा बाकी होता, तरी आल्या होत्या. मी रिकाम्या टेबलाशी बसलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि काही न बोलता स्टुलावर चढून कपाटावरची गुंडाळी काढली.

ऑगस्ट २०१८. ६ तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘नाव – १ वर्ष. पावती क. ३, निळी फाइल.’

‘‘तो पोरगा पावती घेऊन आला तवा म्हणाला, काकू दहा वर्षं बघायला नको. म्हटलं, दहा वर्षांनी कोण बघणार? म्हणून मी दर डिसेंबरला जुन्यावरनं नव्यावर उतरवत आलो. नऊ वर्षं, आठ वर्षं, असं करत. ह्या साली भिंत न्हवती.’’

त्या बोलल्या त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

तीन नंबरचं कपाट, निळी फाइल, पिवळी पडलेली पावती. तिच्यावर ग्राहक क्रमांक होता, फौंड्रीचा पत्ता होता, मालकांची सही होती. कागद पाठवले, पैसे भरले, दुसऱ्या दिवशी नाव परत आलं. ताईंनी पहिलं पत्र जर्मनीला लिहिलं.

मग जे आधी करायचं ते केलं. सूचनांसाठी माणसाचं नाही, कामाचं खातं काढलं आणि ते तिघांना दिसेल असं ठेवलं. दुसरा पत्ता मुद्दाम फौंड्रीच्या डोमेनबाहेरचा दिला. घराला आग लागल्याची चिठ्ठी घराच्याच पेटीत टाकून भागत नाही. पासवर्ड आणि पावत्या एका पाकिटात घालून मालकांच्या तिजोरीत ठेवल्या. पांढऱ्या भिंतीत मी स्वतः खिळा ठोकला.

काकू त्या डिसेंबरात निवृत्त होणार होत्या. महिनाअखेरीच्या शनिवारी मी सकाळीच गेलो, घड्याळ काढून खिशात ठेवलं. काकूंनी २०१८ चं कालनिर्णय टेबलावर पसरलं. त्या चौकोनावर बोट ठेवून वाचायच्या, मी सगळ्यांच्या कॅलेंडरात उतरवायचो, आणि ताई तेच पेन्सिलीनं २०२० च्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहायच्या. वजनकाटा. क्रेन. नळकांड्या. संमतीपत्र. नाव. दुपारपर्यंत जुलै आला.

एका चौकोनात नुसती फुली होती.

‘‘हे काय, काकू?’’

‘‘मोल्डिंगचा एक पोरगा अपघातात गेला, त्याची तारीख. मालक दर साली त्याच्या आईकडं जाऊन येत्यात. आदल्या दिवशी मी आठवण करतो.’’

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना हे माहीत नव्हतं. वडील त्या दिवशी कुठे जातात, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मी तारीख घातली. आठवण, एक दिवस आधी. किती वेळा, दर वर्षी. खाली एक रकाना उरला होता.

‘‘कधीपर्यंत असं विचारतंय, काकू.’’

‘‘ते ऱ्हाऊ दे रिकामं,’’ काकू म्हणाल्या आणि बोट पुढच्या चौकोनावर नेलं.