उदासीन

विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून त्यांच्या तासाला मला जावे लागले. मी मराठीचा मास्तर. मुलांना म्हटले, धडा मोठ्याने वाचा. आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. 'शुद्ध पाणी उदासीन असते' हे वाक्य आले मात्र, मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पाण्याला कसलं दुःख?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न विज्ञानाचा नव्हता, माझ्याच विषयाचा होता. आणि त्याचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही.

उदासीन म्हणजे मुळात उठून बाजूला बसलेला. त्यात दुःखाचा लवलेश नाही. मराठी बोलीत 'उदास'च्या शेजारी राहून राहून ह्या शब्दाचा चेहराच उतरला. कौटिल्याच्या राजमंडळातला उदासीन राजा तर सर्वांत बलवान. भांडणाऱ्यांच्या बाहेर असलेला, पण मनात आणील तर कोणालाही तारणारा किंवा आवरणारा. गीतेच्या सहाव्या अध्यायात उदासीन आणि मध्यस्थ हे दोन शब्द शेजारी शेजारी, पण वेगवेगळे येतात. शंकराचार्यांनी त्यांतला फरक सांगितला आहे: उदासीन तो, जो कोणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ तो, जो भांडणाऱ्या दोघांचेही हित इच्छितो. आपण मात्र दोन्ही शब्द एकाच खुंटीला टांगतो.

बाई कामावर आल्यावर मी त्यांना चहाच्या वेळी गाठले. त्या म्हणाल्या, पाण्यात काहीच नसते असे समजू नका. आम्लपणा आणणारे हायड्रोजनचे आयन त्यात असतात आणि त्याच्या उलट गुणाचे हायड्रॉक्सिलचेही असतात. फक्त दोन्ही समसमान. म्हणून पंचवीस अंश सेल्सिअसला त्याचा सामू ७. (हे सामूचे मोजमाप १९०९ साली सोरेनसन ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवून दिले. ती प्रयोगशाळा बिअरवाल्यांची! विद्या कुठे उगवेल, सांगता येत नाही.)

"म्हणजे आम्ल आणि अल्क सारख्या मापाने एकत्र केले, की झाले उदासीन," मी म्हणालो.

"नेहमीच नाही, सर. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा दोन्ही तीव्र. ते सारखे घेतले, की मिठाचे पाणी होते, आणि ते उदासीन असते. पण व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल सौम्य. त्याच्यासमोर तितकाच कॉस्टिक सोडा घातलात, तर सामू सातच्या वर जातो. माप सारखे असले, तरी पाणी तीव्राच्या बाजूला झुकते."

चहा कपात तसाच राहिला.

आमच्या आळीत दोन सख्खे भाऊ आहेत. त्यांचे वडील शेवटच्या आजारात माझ्यासमोर, ओटीवर बसून म्हणाले होते, "विहिरीकडची बाजू धाकट्याची. त्यानंच माझं सगळं केलं." कागद मात्र झाला नाही. म्हातारा गेला आणि थोरल्याने ती बाजू आपली म्हटली. थोरल्याची तालुक्याला ऊठबस, वकिलांशी ओळख. धाकट्याजवळ काय, तर ती विहीर आणि मी.

तो रात्री आला. म्हणाला, "मास्तर, आबा तुमच्यासमोर बोलले होते. दादाला एवढंच सांगा." मी म्हणालो, "हे बघ, मला तुम्ही दोघेही सारखे. घरच्या वादात मी पडत नाही." दुसऱ्या दिवशी थोरला आला. त्यालाही मी तेच सांगितले. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्याने माझे आभार मानले. आभार कशाबद्दल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

हे सारे मी घरी जरा अभिमानानेच सांगितले. बायको तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अहो, दोघांना सारखंच सांगितलंत खरं. पण थोरल्याला तुमचं गप्प बसणंच हवं होतं."

मी त्यावर बरेच काही बोललो. परक्याच्या घरात नाक खुपसू नये, मास्तराने सगळ्यांशी बरे असावे, वगैरे. ते सगळे अगदीच खोटे नव्हते. माणसाने प्रत्येक तंट्यात उडी घेऊ नये, असे मला आजही वाटते. पण मी ऐकलेले वाक्य हा काही माझा पक्ष नव्हता. तो म्हाताऱ्याचा निरोप होता, आणि तो मी माझ्याजवळ ठेवून घेतला.

विहीर थोरल्याकडे गेली. पूर्वी दिवाळीत दोन्ही घरांतून आमच्याकडे फराळाचे ताट येई आणि रिकामे परत जाऊ नये म्हणून बायको त्यात साखर घाली. थोरल्याचे अजून येते. कडबोळी फार छान असतात त्यांच्याकडची. धाकट्याचे ताट येऊन तीन वर्षे झाली. त्यांची एक वाटी मात्र आमच्या फडताळात तशीच राहिली आहे.